झेंड्यावर घराचे छत : किर्गिझ वारशाविषयी वाचकांची पत्रे

मागील अंकात किर्गिझस्तानातील पशुपालकांविषयी एक छोटी नोंद प्रसिद्ध झाली होती. तिच्यावर खान्देशातून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढा ठेवला आहे आणि लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझा नातू बिश्केक येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात तेथील लाल ध्वज दिसतो. त्यावरील सूर्याच्या मधोमध चेंडूवरील शिवणीसारख्या रेषा आहेत. त्या कसल्या? आणि ज्या देशाला स्वतंत्र होऊन पुरती चार दशकेही झालेली नाहीत, तेथील लोकांना आपण एक राष्ट्र आहोत असे कशाच्या आधारावर वाटते?
निवृत्त शिक्षक, अमळनेर

गुरुजी, त्या रेषा घराच्या छताच्या आहेत. किर्गिझ पशुपालकांच्या गोल, नमद्याने (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाने) मढवलेल्या घराला ते ‘बोझ उय’ म्हणतात. त्याची भिंत म्हणजे घडी घालता येणारी लाकडी जाळी. त्या जाळीवरून वाकवलेल्या काठ्या वर जातात आणि सर्वांत वर एका लाकडी कड्यात जाऊन बसतात. या कड्याला ‘तुंदुक’ म्हणतात. त्याच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या वक्र पट्ट्या असतात. चुलीचा धूर तेथून बाहेर जातो, उजेड तेथून आत येतो आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जे आकाश दिसते तेही त्या कड्यातूनच. नमदा झिजतो, काठ्या बदलाव्या लागतात, पण तुंदुक जपून पुढच्या पिढीकडे दिला जातो. आईवडिलांचे घर धाकट्या मुलाकडे जाण्याची त्यांच्यात रीत आहे.

हा ध्वज 3 मार्च 1992 रोजी स्वीकारला गेला. सूर्याचे चाळीस किरण म्हणजे परंपरेने सांगितली जाणारी चाळीस कुळे. पूर्वी हे किरण लहरी होते आणि त्यामुळे सूर्य सूर्यफुलासारखा दिसतो, असा आक्षेप काही राजकीय नेत्यांनी घेतला. अनेक नागरिकांचा विरोध असूनही डिसेंबर 2023 मध्ये कायदा करून ते सरळ करण्यात आले. तुंदुक मात्र ध्वजावर कायम राहिला, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथूनच सुरू होते.

आज नकाशावर दिसणाऱ्या या देशाच्या सीमारेषा मुख्यतः 1924 नंतर सोव्हिएत राजवटीत आखल्या गेल्या. त्याआधी एखादा किर्गिझ माणूस स्वतःची ओळख सांगताना कुळ, पूर्वज आणि उन्हाळी कुरण सांगत असे. या कुरणाला ते ‘जैलो’ म्हणतात. नव्या राजवटीने भटक्या कुटुंबांना सामूहिक शेतीच्या गावांत बसवले आणि अवघ्या काही वर्षांत त्यांची लिपी दोनदा बदलली. अरबी लिपी जाऊन 1920 च्या दशकाच्या अखेरीस रोमन आली आणि 1940 च्या सुमारास तिच्या जागी रशियन वळणाची सिरिलिक आली. त्यामुळे आजोबांनी लिहिलेला कागद नातवाला वाचता येईना. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडीचे दप्तर समोर घेऊन बसलेल्या माणसाला ही अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. 1989 मध्ये किर्गिझ भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळाला आणि 31 ऑगस्ट 1991 रोजी देश स्वतंत्र झाला. तेव्हा नव्या राज्याला आपली म्हणून जी चिन्हे हवी होती, ती कोणत्याही सरकारी कचेरीत तयार नव्हती. घराचे छत, पांढऱ्या नमद्याची ‘अक कल्पक’ टोपी, सतरंजीवरील नक्षी आणि तोंडी म्हटले जाणारे महाकाव्य, हे सारे सत्तर वर्षे घराघरांत जपलेले होते. राज्याने ते घरांतून उचलले. आपल्या नातवाला सुटीत एखाद्या जैलोवर जाता आले, तर ध्वजापेक्षा हे त्याला तेथे अधिक स्पष्ट दिसेल.

प्रश्न : मी खान्देशातील वहीगायनाचा अभ्यास करते. किर्गिझ लोकांचे ‘मानस’ हे महाकाव्य महाभारताहूनही मोठे आहे असे वाचनात आले. इतके काव्य एका माणसाच्या मुखी राहते कसे? आणि ते टिकवले कोणी, सरकारने की लोकांनी?
विद्यार्थिनी, धुळे

प्रथम नावाविषयी. हा ‘मानस’ आपल्या मनाशी संबंधित शब्द नाही, ते कथेतील वीराचे नाव आहे. मानस, त्याचा मुलगा सेमेतेय आणि नातू सेयतेक अशा तीन पिढ्यांची ही त्रिखंडी कथा आहे. विखुरलेल्या कुळांना एकत्र आणणे हा तिचा मुख्य धागा आहे. तिचे कथन करणाऱ्याला ‘मानसची’ म्हणतात. सयाकबाय करालायेव (1894–1971) यांच्या मुखातून नोंदवलेली संहिता सुमारे 5 लाख ओळींची आहे. महाभारताचे श्लोक परंपरेने एक लाख मानले जातात, त्यावरून तुलना कोठून आली हे लक्षात येईल.

मात्र ‘मुखी राहते’ हा शब्दप्रयोग येथे थोडा दिशाभूल करतो. मानसची ओळीमागून ओळ पाठ करून ठेवत नाही. कथेचे प्रसंग, वीरांची आणि घोड्यांची ठरलेली विशेषणे, लढाईची, शोकाची आणि मेजवानीची वर्णने करण्याच्या रीती आणि एक ठाम लय एवढे त्याच्या अंगात मुरलेले असते, आणि त्यांच्या आधाराने तो प्रत्येक वेळी समोरच्या श्रोत्यांसाठी कथा नव्याने उभी करतो. त्याच्या हाती कोणतेही वाद्य नसते. आवाजाचे चढउतार, हातवारे आणि चेहरा एवढ्यावर तो तासन्‌तास बसतो. आपण ज्या वहीगायकांबरोबर काम करता, त्यांना डफाच्या ठेक्याची आणि मागून झेलणाऱ्या साथीदारांची सोबत असते. हा फरक आपण जरूर नोंदवावा, कारण स्मरणाचे काम जेथे अनेकांत वाटले जाते आणि जेथे ते एकट्यावर असते, तेथे ते शिकवण्याची पद्धतही वेगळी होते. अनेक मानसची सांगतात की, स्वप्नात मानस किंवा त्याचे साथीदार आले आणि त्यांनी आपल्याला गाण्याची आज्ञा केली. हे आपण कोणत्याही अर्थाने घ्या, पण त्यामागची समजूत गंभीर आहे. कथा माणसाच्या मालकीची नसते, ती त्याच्याकडे सोपवलेली असते, असे तेथे मानले जाते.

आता टिकवले कोणी, याविषयी. सगिम्बाय ओरोझबाकोव (1867–1930) या मोठ्या मानसचींच्या मुखातून 1922 ते 1926 या काळात सुमारे 1 लाख 80 हजार ओळी उतरवून घेतल्या गेल्या. हे काम कयूम मिफ्ताकोव नावाच्या शिक्षकाने सुरू केले आणि इब्राइम अब्दिरखमानोव यांनी पुढे नेले. ध्वनिमुद्रणाचे साधन नसताना गाणाऱ्यासमोर वही घेऊन वर्षानुवर्षे बसणे म्हणजे काय, याचा विचार करावा. आसोद्याच्या लेकीची, बहिणाबाईंची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने टिपून ठेवली नसती तर 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली नसती. ते कामही याच जातीचे.

त्याच 1952 साली तिकडे याच्या उलट घडत होते. मानस हे सरंजामी आणि लोकविरोधी काव्य आहे, असा ठपका सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ठेवला होता. त्यावर विचार करण्यासाठी राजधानीत, म्हणजे आजच्या बिश्केकमध्ये, जिचे नाव तेव्हा फ्रुंझे होते, परिषद भरवण्यात आली. त्याआधीच काही किर्गिझ अभ्यासकांना अटक झाली होती आणि त्यांतील ताशिम बैजियेव छावणीतून जिवंत परतले नाहीत. परिषदेत कझाक लेखक मुख्तार अवेझोव आणि इतरांनी काव्याची बाजू मांडली आणि त्याच्यावरील बंदी टळली. 1958 ते 1960 या काळात चार खंडांत संकलित आवृत्ती निघाली, पण सत्तेला न रुचलेला भाग गाळूनच. म्हणजे ज्या राज्याने काव्य छापले, त्याच राज्याने त्याच्या अभ्यासकांना तुरुंगात टाकले. या सर्व काळात लग्नकार्यांत, कुरणांवर आणि पाहुण्यांच्या बैठकीत मानस म्हटले जात राहिले, म्हणून ते मोडतोड न होता उरले.

स्वातंत्र्यानंतर चक्र फिरले. 1995 मध्ये मानस काव्याची हजार वर्षे युनेस्कोच्या सहभागाने साजरी झाली. या काव्याचे वय किती यावर अभ्यासकांचे एकमत नाही. हजार हा आकडा राष्ट्राला हवा होता म्हणून निवडला गेला, असे माझे मत आहे, आणि त्यात काव्याचे काही कमी झाले असे मला वाटत नाही. 2009 मध्ये चीनने आपल्या शिनजियांग प्रांतातील किर्गिझांच्या वतीने मानस काव्याची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत करून घेतली, तेव्हा किर्गिझस्तानात मोठी अस्वस्थता पसरली. शिनजियांगमधील जुसुप मामाय (1918–2014) हे खरोखरच थोर मानसची होते. काव्य सीमेच्या दोन्ही बाजूंना जिवंत आहे, ही वस्तुस्थितीच होती. 2013 मध्ये किर्गिझस्तानची त्रिखंडी नोंदही यादीत आली. बिश्केकच्या मुख्य चौकात पूर्वी लेनिनचा पुतळा होता, तो 2003 मध्ये हलवून तेथे स्वातंत्र्यदेवता बसवली गेली आणि 2011 पासून तेथे अश्वारूढ मानस आहे. पुतळा पाहणारे पुष्कळ आहेत. पूर्ण रात्र बसून ऐकणारे किती उरतील, ही तेथील मानसचींची खरी चिंता आहे, आणि आपल्या वहीगायकांची चिंता याहून वेगळी नसावी.

प्रश्न : आमच्या बचत गटातील महिलांनी किर्गिझ नमद्याच्या सतरंज्यांची छायाचित्रे पाहिली. एकाच नक्षीच्या दोन सतरंज्या, पण रंग उलटे, असे कसे साधतात? हे काम त्यांनी बाजारात कसे उभे केले?
महिला बचत गट, यावल तालुका

ताई, नमदा म्हणजे न विणता, लोकर दाबून केलेले कापड. आपल्याकडे त्यालाच बुरणूस म्हणत. लोकर काठ्यांनी झोडून मोकळी करतात, गवताच्या काड्यांच्या चटईवर थर देऊन पसरतात, तिच्यावर उकळते पाणी शिंपडतात, चटईची वळकटी बांधून ती पायांनी लाथाळत किंवा गाढवाच्या मागे बांधून फिरवतात आणि शेवटी स्त्रिया एका ओळीत गुडघे टेकून कोपरापासून मनगटापर्यंतच्या जोराने ती दाबतात. एकटीने होणारे हे काम नाही, शेजारणी लागतातच. परस्परांच्या कामाला असे धावून जाण्याला तेथे ‘अशार’ म्हणतात. आपली इर्जिक तीच.

आपण पाहिलेल्या प्रकाराचे नाव ‘शिरदक’. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून, खडूने नक्षी काढून, धारदार सुरीने दोन्ही एकदम कापतात. मग लाल नमद्यातून निघालेला तुकडा काळ्याच्या खाचेत आणि काळ्याचा लाल खाचेत बसवतात. कापातले काही वाया जात नाही आणि उलट रंगांची जोडी आपोआप तयार होते. सांध्यांवर लोकरीची दोरी टाचतात आणि खाली जाड नमदा घेऊन सर्व शिवून काढतात. मेंढ्याच्या वळलेल्या शिंगांची नक्षी त्यात पुन्हा पुन्हा येते. आई मुलीच्या लग्नात शिरदक देते, आणि तो अनेक दशके वापरला जातो. दुसऱ्या प्रकाराला ‘अला कियिझ’ म्हणतात. त्यात रंगीत लोकरीची नक्षी ओल्या थरातच दाबून बसवलेली असते.

बाजाराची गोष्ट सोपी नव्हती. सोव्हिएत काळात कारखान्यांसाठी बारीक लोकरीच्या मेंढ्यांना प्राधान्य मिळाले. नमद्याला जाड लोकर लागते. 1990 च्या दशकात सरकारी शेतीसंस्था मोडल्या, पोटासाठी जनावरे विकली आणि कापली गेली, आणि मेंढ्यांची संख्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आली. वर स्वस्त कृत्रिम धाग्यांचे गालिचे आले. 2012 मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपण्याच्या यादीत घेतली. बहुतेक कारागीर चाळिशीपुढचे आहेत आणि तरुण पिढीला रस नाही, हे कारण तेथे स्पष्ट नोंदवलेले आहे. पण स्त्रियांनी याच्या कितीतरी आधी हालचाल केली होती. कोचकोर या गावातील ‘अल्तिन कोल’, म्हणजे ‘सोन्याचा हात’, ही सहकारी संस्था 1990 च्या दशकातच उभी राहिली. आसपासच्या गावांतील बायका घरी शिरदक करतात आणि संस्था ते एकत्र विकते. ग्राहकाला कोणाच्या हातचे काम आहे हे कळते आणि विक्रीचा मोठा वाटा करणारीकडे जातो. आपल्या गटाने यातून नक्षी घेऊ नये, व्यवहाराची रीत घ्यावी असे मी सुचवीन. साक्रीकडील ठेलारी मेंढपाळांच्या लोकरीला आज भाव नाही. तिचे काय करता येईल, हे त्यांच्या घरातील जुन्या बायकांना विचारून पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : आमच्याकडे भाट येऊन वहीतून वंशावळ वाचतो. किर्गिझांमध्येही असे आहे काय?
शेतकरी, चाळीसगाव तालुका

आहे, पण वही प्रत्येकाच्या डोक्यात असते. ‘जेती अता’, म्हणजे सात पूर्वजांची नावे, मुलाला सांगता आलीच पाहिजेत, अशी अपेक्षा असते. सात पिढ्यांच्या आत सोयरीक होऊ नये, हा त्यामागील व्यवहार. सविस्तर वंशकथांना ‘संजिरा’ म्हणतात, आणि अलीकडे त्या कुटुंबांनी स्वखर्चाने छापल्याही आहेत. एक दोष सांगितला पाहिजे. ही साखळी बापांची आहे, आयांची नावे तीत सहसा येत नाहीत. आपल्या भाटाच्या वहीबाबतही आपण हे तपासून पाहावे.

प्रश्न : एका समाजाची टोपी, घर आणि काव्य हीच राष्ट्राची ओळख ठरली, तर त्या देशातील इतरांनी कोठे जावे? नंदुरबारसारख्या, भिल्ल, पावरा, मावची, गुजर, मराठा, मुसलमान सारे राहत असलेल्या जिल्ह्यातून मला हा प्रश्न पडतो.
वकील, नंदुरबार

वकीलसाहेब, या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न आपण विचारला आहे, आणि त्याचे उत्तर त्या देशाने अजून पुरते दिलेले नाही. तेथील लोकसंख्येत किर्गिझ तीन चतुर्थांशांहून अधिक आहेत. सुमारे सातवा हिस्सा उझबेक आहे. शिवाय रशियन, दुंगान (चीनमधून आलेले मुसलमान), उइगुर आणि इतर आहेत. जून 2010 मध्ये दक्षिणेतील ओश आणि जलालाबाद भागात किर्गिझ आणि उझबेक यांच्यात दंगली झाल्या. चारशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत उझबेक बहुसंख्य होते, आणि लाखो लोकांना घरे सोडावी लागली. मे 2024 मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा खान्देशातील कितीतरी घरांत रात्रभर फोन वाजत होते. आपलेपणाची जाणीव आणि परक्याचा द्वेष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण पहिलीचा आधार घेऊन दुसरी वाढवता येते, हे नाकारून चालणार नाही.

तरीही त्याच भूमीत वारशाची दुसरी रूपे आहेत. ओश शहराच्या मध्यभागी सुलैमान तू हा डोंगर आहे. 2009 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले हे देशातील पहिले स्थळ. त्यावर जुने शैलचित्र आहे, गुहा आहेत, आणि तरुण बाबराने तेथे एक लहानशी खोली बांधली होती अशी आठवण आहे. मूल व्हावे म्हणून, आजार बरा व्हावा म्हणून किर्गिझ आणि उझबेक दोन्ही स्त्रिया तेथे येतात. अशा पवित्र जागांना ‘मझार’ म्हणतात. देशभर डोंगर, झरे, झाडे आणि कबरी या रूपांत त्या पसरलेल्या आहेत. प्रत्येकीची काळजी घेणारा एक ‘शायिक’ असतो. तो नेमलेला अधिकारी नसून बहुतेक वेळा गावातलाच कोणी असतो. बिश्केकमधील ‘आयगिने’ या संशोधन केंद्राने या राखणदारांबरोबर बसून त्या जागांच्या नोंदी केल्या आहेत. कट्टर धार्मिक मंडळींना मझारपूजा मान्य नाही, त्यामुळे हे कामही वादाशिवाय झालेले नाही.

आणखी एक जागा आपल्याला सांगितलीच पाहिजे. बिश्केकजवळ चोंगताश येथे नोव्हेंबर 1938 मध्ये 138 जणांना ठार करून एका वीटभट्टीत पुरले गेले. ते अनेक वंशांचे होते, आणि देशाचे त्या पिढीतील नेते व विचारवंत त्यांत होते. तेथील रखवालदाराने ही गोष्ट आयुष्यभर मनात ठेवली आणि मरण्यापूर्वी फक्त आपल्या मुलीला सांगितली. तिने ती दशकानुदशके जपली आणि बोलणे शक्य झाले तेव्हा उघड केली. 1991 मध्ये उत्खनन झाले. एका सांगाड्याच्या कपड्यांत गोळीने भोक पडलेला आरोपपत्राचा कागद सापडला, त्यावर तोरेकुल ऐतमातोव हे नाव होते. ते कादंबरीकार चिंगीझ ऐतमातोव यांचे वडील. स्मृती पुसली गेल्याने स्वतःच्या आईला न ओळखणाऱ्या गुलामासाठी ‘मानकुर्त’ हा शब्द याच लेखकाने 1980 च्या आपल्या कादंबरीतून प्रचलित केला. तेव्हा वडील कोठे पुरले आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. 2008 मध्ये लेखकालाही तेथेच दफन केले गेले. त्या जागेचे नाव ‘अता बेयित’, म्हणजे वडिलांची समाधी. कुळ, भाषा, टोपी यांपैकी काहीही न विचारता तेथे सर्वांना उभे राहता येते. किर्गिझस्तानला आपली ओळख यापुढे ज्या पायावर उभी करायची असेल, त्यात मानसबरोबर ही वीटभट्टीही असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : कानबाईच्या उत्सवात माझी काकू रात्रभर अहिराणी गाणी म्हणते. तिच्यानंतर कोणाला येत नाहीत. आम्ही मोबाइलवर चित्रित करून ठेवली तर पुरे होईल काय? की सरकारकडे अर्ज करावा?
तरुण, साक्री तालुका

अर्ज करण्यास हरकत नाही, पण काकूंचे वय अर्जाच्या उत्तरासाठी थांबणार नाही. युनेस्कोचा अमूर्त वारशाविषयीचा 2003 चा करारसुद्धा हेच मानतो की, वारसा ज्यांचा आहे त्यांच्या सहभागाने आणि पूर्वसंमतीने काम व्हावे. तेव्हा सुरुवात घरातूनच होते.

चित्रीकरण अवश्य करा, मात्र तेवढ्याने भागणार नाही. प्रत्येक गाण्यासोबत कोणी म्हटले, ते त्यांना कोणाकडून मिळाले, माहेरचे की सासरचे, कोणत्या विधीला म्हणतात, हे लिहून ठेवा. अहिराणी उच्चार जसे ऐकू येतात तसेच लिहा. प्रमाण मराठीत सुधारून लिहिलेले गाणे काकूंचे राहणार नाही. काही ओळी बाहेर दाखवू नयेत असे त्यांनी सांगितले, तर त्या दाखवू नका. एक प्रत घरी, एक गावच्या शाळेत आणि एक धुळ्यात ठेवा. मानसचीचा शिष्य गुरूसमोर बसून चुकत चुकत म्हणतो आणि श्रोते त्याला सांभाळून घेतात. तुमच्या घरातही एखाद्या मुलीला किंवा सुनेला काकूंच्या शेजारी बसून झील धरावी लागेल, आणि तुम्ही स्वतः बसलात तरी कानबाई रागावणार नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी, रोटांसाठी सुरत, नाशिक, मुंबईहून भाऊबंद गावी येतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात दुपारच्या निवांत वेळी काकूंकडे जा. सणाच्या रात्री गर्दीत विचारपूस जमत नाही. पहिले गाणे त्यांना मध्ये न अडवता पूर्ण म्हणू द्या, आणि मगच वही उघडा.